272 नंबरची बस आणि गावाकडे उतरणाऱ्या वाटा: कॅसलटन परिसरात पहिल्यांदा चालायला जाणाऱ्यांसाठी

इंग्लंडमधल्या शेफील्डला शिकायला किंवा नोकरीला आलेली आपली मुलं-मुली मला एक प्रश्न हमखास विचारतात: "गाडी नाही, मग डोंगरात जायचं कसं?" पुण्यात असताना दर पावसाळ्यात राजगड-तोरणा करणारी माणसं इथे दोन-दोन वर्षं राहून शहराबाहेर पडत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. पीक डिस्ट्रिक्ट नॅशनल पार्कची हद्द शेफील्ड शहराच्या आतपर्यंत येते. बस स्थानकावरून 272 नंबरची बस पकडली की तासाभरात तुम्ही डर्बीशरमधल्या कॅसलटन गावात असता, आणि गावातल्या शेवटच्या घरापाशीच चढ सुरू होतो.

माझं सगळं चालणं बसच्या भरवशावर झालं आहे. सुरुवातीला काही गोष्टी चुकल्या, त्यातून काही कळलं, ते इथे क्रमाने लिहितो. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगून टाकतो. गाडीवाल्याला जिथून निघाला तिथेच परत यावं लागतं, कारण त्याची गाडी तिथे उभी असते. बसने जाणाऱ्याला ती अडचण नाही. म्हणून सकाळी बसने लांबच्या थांब्यावर उतरायचं आणि दिवसभर डोंगरातून मोठ्या गावाकडे चालत यायचं. चाल उलटी केली, म्हणजे गावातून निघून एखाद्या आडबाजूच्या थांब्यावर संपवली, तर शेवटचे दोन तास डोळे घड्याळावरच राहतात आणि डोंगर बघायचाच राहून जातो.

1. आधी गावाची जागा समजून घ्या

कॅसलटन हे होप खोऱ्याच्या पश्चिम टोकाला, साधारण 200 मीटर उंचीवर वसलेलं दगडी घरांचं गाव आहे. गावाच्या डोक्यावर पेव्हरिल हा नॉर्मन काळातला पडका किल्ला आहे. गावाच्या दक्षिणेला चुनखडीचा पांढरा प्रदेश आहे, त्याला व्हाइट पीक म्हणतात. उत्तरेला काळपट वालुकाश्म आणि पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या मातीची दलदल, तो डार्क पीक. दोन्हींचा सांधा इथे गावातच आहे. चालणाऱ्याने हे लक्षात ठेवावं, कारण पायाखालची जमीन बदलली की घसरण्याची तऱ्हा बदलते. ओली चुनखडी साबणासारखी गुळगुळीत होते. किल्ल्यामागची केव्ह डेल नावाची अरुंद घळ पावसानंतर उतरताना मी दोनदा आपटलो आहे. पीटमध्ये घसरायला होत नाही, तिथे पाय घोट्यापर्यंत आत जातो.

खोऱ्यात उभं राहून उत्तरेकडे पाहिलं की एक लांब धार दिसते. तिला ग्रेट रिज म्हणतात. धारेच्या पश्चिम टोकाला 517 मीटर उंचीचा माम टॉर आणि पूर्व टोकाला 476 मीटरचा लूज हिल. मधल्या सगळ्यात खोल खिंडीचं नाव हॉलिन्स क्रॉस. धारेपलीकडे एडेलचं खोरं आणि त्यामागे किंडर स्काउटचं पठार. खोऱ्याच्या तळाशी सिमेंट कारखान्याची उंच चिमणी आहे. दिसायला ती बरी नाही, पण धुकं नसेल तेव्हा जवळपास प्रत्येक डोंगरावरून दिसते आणि दिशा चुकलेल्या माणसाला फार उपयोगी पडते.

बसचा मार्ग असा: शेफील्ड, फॉक्स हाउस, सरप्राइज व्ह्यू, हॅदरसेज, होप, कॅसलटन. मधले थांबे आहेतच, पण चालणाऱ्यासाठी कामाची नावं ही. होप आणि एडेल या दोन्ही गावांना शेफील्ड-मँचेस्टर मार्गावरची रेल्वे स्टेशनं आहेत. बस चुकली तर रेल्वे हा तुमचा दुसरा आधार, म्हणून होप स्टेशन कुठे आहे ते पहिल्याच दिवशी बघून ठेवा. कॅसलटनपासून ते साडेतीन किलोमीटर आहे. होप गाव ओलांडून आणखी पुढे जावं लागतं, गावात स्टेशन सापडत नाही.

2. वेळापत्रक वाचायला शिका

नवख्यांचा दिवस फसतो तो बहुतेक वेळा इथेच. दिवसा साधारण तासाला एक बस असते, पण संध्याकाळी फेऱ्या विरळ होतात. ही पथ्यं पाळा:

- सोमवार ते शुक्रवार, शनिवार आणि रविवार यांचे तक्ते वेगळे असतात. बँक हॉलिडेला, म्हणजे इथल्या सार्वजनिक सुट्टीला, सहसा रविवारचा तक्ता चालतो. नाताळच्या दिवशी बस मिळेल असं धरूच नका.
- काही फेऱ्यांच्या डोक्यावर एखादं अक्षर असतं आणि त्याचा अर्थ तळाशी बारीक टायपात दिलेला असतो: "फक्त शाळेच्या दिवशी" किंवा "फक्त शाळेच्या सुट्टीत". तो वाचल्याशिवाय त्या फेरीवर विसंबू नका.
- तक्त्यात सगळे थांबे नसतात, मोठेच असतात. तुमचा थांबा दोन नावांच्या मध्ये असेल तर आधीच्या नावाची वेळ धरा आणि पाच-दहा मिनिटं लवकर जाऊन उभे राहा.
- मार्ग चालवणाऱ्या कंपन्या आणि वेळा वर्षातून काही वेळा बदलतात. मागच्या सहलीचा फोटो बघून निघू नका. आदल्या रात्री ताजा तक्ता उघडा आणि फोनमध्ये त्याचा फोटो ठेवा, कारण खोऱ्यात कित्येक ठिकाणी रेंज नसते.

थांब्यावर नुसतं उभं राहिलं तर बस निघून जाऊ शकते. बस दिसली की हात पुढे करायचा. उतरायच्या आधी घंटीचं बटण दाबायचं. उतरताना ड्रायव्हरला "थँक यू" म्हणायची इथे पद्धत आहे, सगळेच म्हणतात. नवखे असाल तर चढतानाच कुठे उतरायचं ते त्यांना सांगा, बहुतेक जण आठवणीने आवाज देतात.

तिकिटाचं सोपं आहे. बँकेचं कार्ड किंवा फोन मशीनला टेकवायचा. इंग्लंडमध्ये सरकारच्या भाडे-मर्यादा योजनेत असलेल्या बसचं एका फेरीचं तिकीट 2023 पासून 2 पौंडांवर बांधलेलं होतं, जानेवारी 2025 पासून ती मर्यादा 3 पौंड झाली. दिवसात तीन वेळा बसमध्ये चढणार असाल तर ड्रायव्हरला दिवसाच्या पासबद्दल विचारा. विद्यार्थी असाल तर ओळखपत्र जवळ ठेवा.

आता माझी चूक सांगतो. पहिल्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मी माम टॉरला गेलो. त्या दिवशी पहाटे इथली घड्याळं एक तास मागे जातात. फोनने वेळ आपोआप बदलली, माझ्या डोक्यातला सूर्यास्त मात्र आदल्या दिवसाचाच राहिला. साडेचारच्या सुमारास अंधारायला लागलं तेव्हा मी अजून वरच होतो. अंदाजाने उतरून थांब्यावर आलो तर रविवारची शेवटची बस गेलेली. मी शनिवारचा तक्ता बघून निघालो होतो. मग फोनच्या उजेडात रस्त्याकडेने होप स्टेशनपर्यंत चालत गेलो आणि थंडीत फलाटावर बराच वेळ काढला. तेव्हापासून माझा क्रम ठरला आहे: आधी शेवटची बस बघायची, तिच्या आधीची बस आपली मानायची, मग सूर्यास्त बघायचा आणि त्यानंतर डोंगर निवडायचा. डिसेंबरात इथे चारच्या आधीच सूर्य मावळतो, जूनमध्ये रात्री साडेनऊनंतरही उजेड असतो. एकच वाट या दोन महिन्यांत दोन वेगळ्या वाटा असतात.

3. नकाशा घ्या, आणि त्यावरचे रंग ओळखा

ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशा संस्थेचा 1:25,000 प्रमाणाचा एक्सप्लोरर नकाशा विकत घ्या. कॅसलटन, माम टॉर, किंडर, लेडीबावर या सगळ्यासाठी "ओएल 1, डार्क पीक" लागतो. फॉक्स हाउस, लाँगशॉ, पॅडली या बाजूसाठी "ओएल 24, व्हाइट पीक". नकाशावरचे 4 सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर, आणि निळ्या रेघांचा प्रत्येक चौकोन एक किलोमीटरचा. रस्त्यावरच्या पाट्या मात्र मैलांत असतात, त्यामुळे सुरुवातीला गोंधळ होतो.

सह्याद्रीत वाट गावकऱ्याला विचारून मिळते. इथे ती कायद्याने ठरलेली असते आणि नकाशावर छापलेली असते. हिरव्या आखूड तुटक रेघा म्हणजे पायी चालणाऱ्यांचा सार्वजनिक हक्काचा रस्ता. हिरव्या लांब तुटक रेघा म्हणजे घोडे आणि सायकलींनाही परवानगी असलेली वाट. काळ्या तुटक रेघेची वाट जमिनीवर असते, पण तिच्यावरून जायचा हक्क असेलच असं नाही. ही काळी रेघ बघून निघालेले नवखे एखाद्या कुलूपबंद फाटकापाशी अडकतात. प्रत्यक्ष जागेवर खांबांवर बाण असतात: पिवळा बाण पायवाटेचा, निळा घोडेवाटेचा.

हक्काची वाट कधी शेताच्या मधून, कधी चक्क शेतकऱ्याच्या अंगणातून जाते. आपल्याला संकोच वाटतो, कुणी हटकेल अशी भीती वाटते. बाण असेल तर बिनधास्त जा. फक्त वाट सोडू नका आणि फाटक जसं होतं तसं ठेवा. बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं. गुरं पाण्यावर जावीत म्हणून शेतकऱ्याने ते मुद्दाम उघडं ठेवलेलं असू शकतं. दगडी गडग्यांवरून चढू नका. त्यांत माती-चुना काही नसतं, दगडावर दगड नुसते रचलेले असतात आणि एक निसटला की वीतभर गडगा ढासळतो. ओलांडायला पायऱ्या, अरुंद फटी किंवा एका वेळी एकच माणूस जाईल अशी झुलती फाटकं केलेली असतात.

नकाशावर डोंगरमाथ्यांना फिकट पिवळा रंग दिसेल. तिथे वाट सोडूनही मोकळं फिरता येतं. हा पिवळा रंग सहज मिळालेला नाही. किंडरचं पठार पूर्वी ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेलं होतं आणि राखणदार चालणाऱ्यांना हाकलून लावत. 24 एप्रिल 1932 रोजी पलीकडच्या हेफील्ड गावातून मँचेस्टर परिसरातली शेकडो कामगार तरुण मंडळी बेनी रॉथमनच्या पुढाकाराने उघडपणे किंडरवर चढली. राखणदारांशी झटापट झाली आणि पाच जणांना तुरुंगात जावं लागलं. त्या शिक्षांनी लोक चिडले आणि माळांवर मोकळं फिरू देण्याची मागणी आणखी वाढली. 1949 मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, 1951 मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान ठरलं, आणि 2000 सालच्या कायद्याने उघड्या माळांवर फिरण्याचा हक्क मिळाला. त्या पिवळ्या भागात पाऊल टाकताना मला दर वेळी त्या मुलांची आठवण येते. आठवड्याला एकच सुट्टी मिळणारी माणसं होती ती.

4. पिशवीत काय हवं

- घोटा धरून ठेवणारे, खोल खाचांचे बूट. शहरात धावायचे बूट कोरड्या दिवशी चालतात, पण इथे कोरडा दिवस गृहीत धरता येत नाही.
- टोपी असलेलं जलरोधक जॅकेट आणि शक्यतो पँटही. धारेवर छत्री टिकत नाही. आपल्याकडचं पोंचो वाऱ्यात डोक्यावर येतं आणि पुढचं दिसत नाही.
- लोकरीचा किंवा फ्लीसचा एक थर, कानटोपी, हातमोजे. जूनमध्येही सोबत घ्या.
- जीन्स नको. भिजली की वाळत नाही आणि अंगातली ऊब खेचून घेते.
- कागदी नकाशा, होकायंत्र, फोनमध्ये आधी उतरवून ठेवलेला नकाशा, पॉवर बँक. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते.
- डोक्याला लावायची बॅटरी. उन्हाळ्यातही असू द्या, वजन काहीच नसतं.
- शिट्टी, पट्टी, क्रेप बँडेज, नेहमीची औषधं.
- दीड-दोन लिटर पाणी. माथ्यावरच्या ओढ्यांचं पाणी मेंढ्यांमुळे पिण्याजोगं नसतं.
- खाणं. मी धपाटे, लोणचं आणि राजगिऱ्याच्या वड्या नेतो. सँडविच थंडीत कडक होतं, धपाटे दुपारपर्यंत मऊ राहतात. थर्मासमध्ये चहा.

हवामान बघताना गावाचं बघू नका. मेट ऑफिस, म्हणजे इथलं हवामान खातं, पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांसाठी वेगळा अंदाज देतं. त्यात तापमानापेक्षा वारा आणि ढगांची उंची नीट वाचा. ढग 400 मीटरवर असतील तर माम टॉरचा माथा ढगात असणार, दिसणार काही नाही.

5. वेळेचं गणित

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये सांगितलेला हिशोब आजही इथे सगळे वापरतात: दर 5 किलोमीटरला एक तास आणि दर 100 मीटर चढाला 10 मिनिटं जास्त. हा हिशोब न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचा आहे. सुरुवातीला तुम्ही त्याची दीडपट धरा. 11 किलोमीटर अंतर आणि 450 मीटर चढ असेल तर हिशोबाने तीन तास लागतात, म्हणजे तुम्ही साडेचार धरायचे. त्यात जेवण आणि फोटो आले.

6. पहिली चाल: कॅसलटन ते होप, ओढ्याकाठाने

पहिल्या खेपेला डोंगर चढू नका. गावातल्या गुहेतून पीक्सहोल वॉटर नावाचा ओढा बाहेर येतो. त्याच्या काठाने शेतांमधून होपपर्यंत अडीच-तीन किलोमीटरची सपाट वाट आहे. पाऊण तास पुरतो. या छोट्या चालीत सगळी तालीम होते: बाण शोधणं, फाटकं उघडणं-लावणं, मेंढ्यांच्या कळपातून जाणं. वाटेत सिमेंट कारखान्याच्या मालगाडीचा रूळ ओलांडावा लागतो, दोन्हीकडे बघून ओलांडा. होपला चहा प्या आणि तिथूनच बसने परत जा. त्यात थांब्याचीही ओळख होते.

7. दुसरी चाल: होपहून लूज हिल, धारेवरून माम टॉर, खाली कॅसलटन

एकच चाल करायची असेल तर ही करा. अंतर साधारण 11 किलोमीटर. बरेच लोक कॅसलटनहून माम टॉर चढतात आणि तिथूनच मागे फिरतात. तुम्ही बसने होपला उतरा आणि लूज हिलकडून सुरुवात करा. चढ आधी उरकतो, गर्दी शेवटी भेटते आणि चाल मोठ्या गावात संपते.

होप गावातून शेतांमधली वाट हळूहळू चढत जाते. शेवटचा अर्धा तास दम काढतो. लूज हिलच्या माथ्याला वॉर्ड्स पीस म्हणतात. 1900 मध्ये शेफील्डमध्ये कामगार चालणाऱ्यांचा संघ काढणाऱ्या जी. एच. बी. वॉर्ड यांना ही जागा चालणाऱ्यांनीच भेट दिली आणि त्यांनी ती नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकली. समोरच्या डोंगराचं नाव विन हिल. एक जिंकलेला, एक हरलेला, अशी दोन्ही डोंगरांची एक जुनी लढाईची दंतकथा गावात सांगतात.

इथून पश्चिमेकडे निघालात की वाट चुकायला जागा नाही. डावीकडे होप खोरं, उजवीकडे एडेल, मधे तुम्ही. बॅक टॉरच्या कड्याशी मात्र जपून. वाट कड्याला लागून आहे, उतार तीव्र आहे आणि माती निसटती आहे. वारा जोरात असेल तेव्हा कडेला जाऊन फोटो काढू नका. त्यानंतर हॉलिन्स क्रॉस. एडेलला 17व्या शतकापर्यंत स्वतःचं चर्च नव्हतं, तेव्हा तिथली माणसं प्रेतं याच खिंडीतून कॅसलटनला आणत. आज तिथे गोल चौथऱ्यावर बसून लोक डबे उघडतात. दमला असाल, ढग उतरत असतील किंवा उशीर झाला असेल तर इथून डावीकडे उतरा, तासाभरात कॅसलटनला पोहोचता. ही पळवाट आधीच नकाशावर खूण करून ठेवा.

पुढे माम टॉरपर्यंत फरसबंदी आहे. लाखो पावलांनी धार झिजू नये म्हणून दगडी लाद्या बसवल्या आहेत. लादी सोडून गवतावरून चालू नका, झीज तिथूनच सुरू होते. माथ्याभोवती प्राचीन डोंगरी किल्ल्याचे मातीचे तट अजून ओळखू येतात. आपल्याकडचे बुरूज डोळ्यांत असतील तर हे तट आधी नजरेत भरत नाहीत, पण थांबून बघा, संपूर्ण माथ्याला वळसा घातलेला आहे.

माम टॉर म्हणजे आईचा डोंगर. त्याचं दुसरं नाव थरथरता डोंगर. वालुकाश्म आणि शेल हा ठिसूळ चिखली खडक यांचे थर एकावर एक असल्याने पाणी मुरलं की पूर्वेची बाजू खाली सरकते. तिच्या पायथ्याशी गेलेला ए625 हा मुख्य रस्ता पुन्हा पुन्हा दुरुस्त केला आणि शेवटी 1979 मध्ये कायमचा बंद केला. उतरताना पायऱ्यांनी खालच्या खिंडीत या, ब्लू जॉन गुहेच्या बाजूने त्या मोडक्या रस्त्यावर उतरा. डांबराचे थर केकसारखे कापले गेलेत, रस्त्याच्या मधल्या पांढऱ्या रेघा हवेत संपतात. मी दर खेपेला तिथे दहा मिनिटं बसतो. सरकारी खात्याने एका डोंगरापुढे हात टेकले त्याची ही जागा आहे, आणि वर चढून आल्यावर तो डोंगर अजून पायांत असतो.

मोडक्या रस्त्यावरून सरळ कॅसलटन. विनॅट्स पासच्या डांबरी रस्त्याने उतरायचा मोह टाळा. घळ देखणी आहे, पण रस्ता अरुंद आहे, पदपथ नाही आणि सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग असते. ती घळ बघायचीच असेल तर वेगळ्या दिवशी, खालून, गवताच्या कडेने थोडं वर जाऊन बघा.

8. तिसरी चाल: फॉक्स हाउसहून हॅदरसेज

कॅसलटनला राहत असाल तर सकाळी शेफील्डकडे जाणारी बस घ्या, शेफील्डहून येत असाल तर वाटेतच उतरा. फॉक्स हाउसच्या थांब्यावरून बर्बेजच्या खोऱ्यात शिरा, कार्ल वार्क आणि हिगर टॉर हे दोन कातळमाथे करा आणि हॅदरसेजला उतरा. आठ-नऊ किलोमीटर, बराचसा उतार. ऑगस्टमध्ये इथे हेदर नावाचं बुटकं झुडूप फुलतं आणि सगळा माळ जांभळा होतो. कासच्या पठाराची आठवण येणारच.

अंगात आणखी बळ असेल तर दुसऱ्या दिवशी हॅदरसेजला उतरून स्टॅनेज एजला जा. सरळ उभा, पाच किलोमीटरहून लांब वालुकाश्माचा कडा आहे आणि कड्याखाली गवतात अर्धवट घडवलेली दगडी जाती टाकून दिलेली दिसतात. मागणी संपली तशी ती तिथेच राहिली. राष्ट्रीय उद्यानाच्या चिन्हावर जातं आहे ते यामुळेच.

9. किंडरला थांबा

एडेलहून किंडर स्काउट चढायची घाई करू नका. उंची 636 मीटरच, आपल्या हिशोबाने टेकडी. पण माथा म्हणजे पीटचं सपाट पठार, त्यात माणूसभर खोल चर, आणि ढग उतरला की चारही दिशा सारख्या दिसतात. मेंढ्यांच्या ढोरवाटा इतक्या ठळक असतात की खरी वाट वाटतात. आधी दोन-तीन चाली पार पाडा, होकायंत्र वापरायला शिका, आणि पहिल्यांदा ओळखीच्या माणसाबरोबर जा. एडेल खोरं बघायचंच असेल तर कॅसलटनहून हॉलिन्स क्रॉस ओलांडून एडेलला उतरा, पाच किलोमीटर, आणि रेल्वेने परत जा. 1965 मध्ये खुली झालेली, स्कॉटलंडच्या सीमेपलीकडे जाणारी 268 मैलांची पेनाइन वे ही लांब पल्ल्याची पायवाट याच गावातून सुरू होते. तिच्या पहिल्या अर्ध्या तासात मोठा चढ नाही, तेवढी चालून या.

10. गुरं, गोचीड आणि मदत

गायींबरोबर वासरं असतील तर कळपाच्या मधून जाऊ नका, लांबून वळसा घाला, गरज पडली तर हक्काची वाट सोडून. आपल्याकडच्या गायींसारख्या त्या माणसाळलेल्या नसतात. कुणाचं कुत्रं सोबत असेल आणि गाय अंगावर आली तर कुत्र्याची दोरी सोडा, गाय त्याच्या मागे जाते. 1 मार्च ते 31 जुलै मोकळ्या माळांवर कुत्र्याला आखूड दोरीनेच धरायचं असतं, कारण तेव्हा जमिनीवर पक्ष्यांची घरटी असतात.

ब्रॅकन नावाच्या उंच नेच्यांतून गेलात तर घरी आल्यावर पोटऱ्या आणि गुडघ्यामागे गोचीड बघा. इथल्या गोचिडांतून लाइम रोग होऊ शकतो. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, पिळू नका. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरणारा लाल चट्टा दिसला तर डॉक्टरला दाखवा.

सिगारेट, शेगडी, कंदील काहीही पेटवू नका. कोरडं पीट आतल्या आत जळत राहतं.

अडकलात तर 999 किंवा 112 लावा, आधी पोलीस मागा आणि मग माउंटन रेस्क्यू. हे स्वयंसेवक असतात आणि पैसे घेत नाहीत. बोलण्याइतकी रेंज नसेल तर 999 ला मेसेज पाठवता येतो, पण त्यासाठी आधी नोंदणी लागते: घरी बसून 999 ला "रजिस्टर" हा शब्द इंग्रजीत पाठवा आणि येणाऱ्या सूचना पाळा. हे आजच करून टाका. फोनच नसेल तर मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा.

निघताना घरातल्या किंवा शेजारच्या एका माणसाला लिहून द्या: कुठे उतरणार, कोणत्या वाटेने येणार, कोणती बस धरणार, आणि किती वाजेपर्यंत तुमचा फोन आला नाही तर काळजी करायची. परतीच्या बसमध्ये बसलात की त्याला आधी कळवा, बूट नंतर सोडा.